बोर्डीहून मेकॅनिकलला जाताना

बोर्डीच्या किनाऱ्यापासून तास-दीड तासाच्या अंतरात किती यंत्रं चालतात, याची एकदा मोजदाद करून पाहा. दक्षिणेला डहाणूचं 500 मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, त्याच्या पुढे 1969 साली सुरू झालेलं तारापूरचं अणुवीज केंद्र आणि बोईसरची एमआयडीसी. उत्तरेला हद्द ओलांडली की उंबरगावची जीआयडीसी, मग सरीगाम, वापी. तलासरी तालुक्यात बुलेट ट्रेनच्या मार्गाचं काम चाललेलं. खुद्द बोर्डी-घोलवडच्या वाड्यांमध्ये विहिरीविहिरीवर पंप, झाई आणि डहाणूच्या बोटींवर डिझेल इंजिनं, मासळीसाठी बर्फाचे कारखाने. डहाणू तालुका 1991 साली केंद्राच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला, म्हणून मोठी कारखानदारी आपल्या चिकूवाड्यांच्या कुंपणाशी आली नाही. पण ती आपल्या दोन्ही बाजूंना आहे आणि तिथे जायला बस, रिक्षा, लोकल मिळते.

हे सांगण्याचं कारण असं, की बारावीनंतर मेकॅनिकल इंजिनिअरिंग घेऊ पाहणाऱ्या इथल्या मुलामुलींना एकच गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. या पदवीची चार वर्षं सार्थकी लागायची, तर निम्मं शिक्षण वर्गात आणि निम्मं यंत्रासमोर झालं पाहिजे. पहिल्या निम्म्यासाठी गावाबाहेर जावं लागेल. दुसऱ्या निम्म्यासाठी लागणारं बरंच काही घराजवळ आहे. ते कसं वापरायचं आणि त्याआधी प्रवेश कसा पदरात पाडून घ्यायचा, ते क्रमाने पाहू.

ही शाखा आपली आहे का?

सायकलची चेन स्वतः बसवता येते, मोटरसायकल उघडलेली बघायला आवडते, म्हणून मेकॅनिकल घ्यावं, असं पुष्कळ जण सांगतात. ही आवड हवीच, पण तेवढ्यावर चार वर्षं निघत नाहीत. या शाखेत गणित भरपूर आहे. बारावीचं कॅल्क्युलस, व्हेक्टर आणि भौतिकशास्त्रातलं बल, गती, उष्णता हेच पुढे सगळीकडे भेटतं. यंत्र असं का चालतं, हा प्रश्न पडतो का आणि त्याचं उत्तर आकड्यांत काढायची तयारी आहे का, या दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर निर्धास्तपणे ही शाखा घ्या. गणिताचा मनापासून कंटाळा असेल आणि हातात कसब असेल, तर आयटीआयचा फिटर किंवा टर्नर हा ट्रेड जास्त लवकर कमाईला लावतो. त्यात कमीपणा काहीच नाही. चिंचणी, वरोर, वाढवण भागात दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या पोलादावर केसभराच्या मापाचं काम करत आले आहेत.

चार वर्षांत शिकवतात काय?

पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळजवळ सारखं असतं: गणित, भौतिक, रसायन, इंजिनिअरिंग मेकॅनिक्स, ड्रॉइंग, प्रोग्रॅमिंग आणि वर्कशॉप. दुसऱ्या वर्षी खरं मेकॅनिकल सुरू होतं. त्यात थर्मोडायनॅमिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, फ्लुइड मेकॅनिक्स, उत्पादन प्रक्रिया असे विषय येतात. तिसऱ्या वर्षी हीट ट्रान्सफर, मशीन डिझाइन, मापनशास्त्र, मेकॅट्रॉनिक्स. चौथ्या वर्षी निवडीचे विषय आणि प्रोजेक्ट. विद्यापीठानुसार आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्रम थोडा मागेपुढे होतो, पण गाभा हाच.

या नावांच्या मागे काय असतं, ते आपल्या वाडीतल्या विहिरीवर दिसतं. मे महिन्यात पाणी खाली गेलं की काठावरचा पंप पाणी घेईनासा होतो. मिस्त्री येतो, पंप विहिरीच्या आतल्या टप्प्यावर उतरवतो, फूट व्हॉल्व्ह तपासतो, पाइप पाण्याने भरतो आणि पाणी सुरू होतं. मिस्त्रीला हे अनुभवाने ठाऊक आहे. फ्लुइड मेकॅनिक्स त्यामागचा आकडा देतं. पंपाचा इम्पेलर फिरला की त्याच्या तोंडाशी दाब कमी होतो आणि विहिरीतल्या पाण्यावरची हवा पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला हवेचा दाब फार तर 10.3 मीटर उंच पाण्याचा स्तंभ पेलू शकतो. पाइपातलं घर्षण आणि बाकीच्या गोष्टी वजा केल्या की प्रत्यक्षात 6-7 मीटरच हाती राहतात. पाणी त्याहून खाली गेलं, की इम्पेलरपाशी दाब इतका उतरतो की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात. पंपात खडी फिरल्यासारखा आवाज येतो आणि इम्पेलरचा पत्रा हळूहळू खरवडला जातो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. सबमर्सिबल पंप पाण्यातच बुडवलेला असतो आणि खालून वर ढकलतो, म्हणून त्याला ही अडचण सहसा येत नाही. हे एकदा विहिरीवर समजून घेतलं, की परीक्षेत त्यावरचा प्रश्न पाठ करावा लागत नाही.

दुसरं उदाहरण मोठं आहे. डहाणूच्या वीज केंद्राचं धुराडं 275 मीटर उंच आहे. कोळशातल्या गंधकामुळे धुरात सल्फर डायऑक्साइड येतो आणि त्यापासून चिकूच्या बागांना धोका, ही आपल्या भागाची जुनी चिंता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1996 साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. त्याने हा विषय लावून धरला आणि 2007 साली केंद्रात धूर समुद्राच्या पाण्याने धुण्याची यंत्रणा बसली. समुद्राचं पाणी मुळात किंचित अल्कधर्मी असतं, ते हा वायू शोषून घेतं. हे झालं रसायनशास्त्र. पण तेवढं पाणी उचलणारे पंप, धूर ढकलणारे पंखे, गंजाला टिकणारे पाइप, परत सोडण्याआधी पाण्यात हवा मिसळण्याची सोय, ही सगळी मेकॅनिकल इंजिनिअरची कामं. बागायतदार आणि यंत्र यांचं जमवून देणारे इंजिनिअर या भागाला कायम लागणार आहेत. ते इथलेच असले तर अधिक चांगलं.

प्रवेशाचे तीन रस्ते

पहिला रस्ता बारावी विज्ञान आणि एमएचटी-सीईटीचा. पीसीएम गटाची परीक्षा 200 गुणांची असते. गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी 2 गुणांचे, भौतिक आणि रसायनाचे 50-50 प्रश्न प्रत्येकी 1 गुणाचे. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे. अभ्यासक्रमाचा साधारण 20 टक्के भार अकरावीवर आणि 80 टक्के बारावीवर असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. बारावीला ठरलेल्या विषयांत खुल्या गटाला किमान 45 टक्के आणि राखीव गटाला 40 टक्के लागतात, हे विसरून केवळ सीईटीच्या मागे लागू नका. आयआयटी, एनआयटीसाठी जेईई वेगळी.

दुसरा रस्ता दहावीनंतर तीन वर्षांच्या डिप्लोमाचा. मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आपल्या जिल्ह्यात विक्रमगडला शासकीय तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमावाल्यांचा हात ड्रॉइंग आणि वर्कशॉपमध्ये बसलेला असतो, पदवीला आल्यावर गणित मात्र जड जातं. डिप्लोमा संपल्यावरच्या सुट्टीत बारावीचं कॅल्क्युलस बसून पक्कं करा. आयटीआय दोन वर्षं केलेल्यांनाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं, त्यामुळे तो रस्ताही पुढे बंद होत नाही.

तिसरा रस्ता फार थोड्यांना माहीत असतो. बारावीला गणित असेल तर बी.एस्सी. झालेल्यांनाही पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. पहिल्या वर्षाचे ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स हे विषय मात्र सोबत पूर्ण करावे लागतात. बोर्डीतच एन. बी. मेहता सायन्स कॉलेज आहे. घरची अडचण म्हणून बारावीनंतर लगेच बाहेर पडता आलं नाही, तरी मेकॅनिकलचं दार लागलं असं समजू नका.

हद्दीवरच्या घरांसाठी एक सूचना. काही मुलं उंबरगाव बाजूला, गुजरात बोर्डाच्या शाळेत शिकतात. महाराष्ट्राच्या जागांसाठी दहावी-बारावी कुठून झाली आणि डोमिसाइल कुठलं, यावरून उमेदवाराचा प्रकार ठरतो. सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतलं हे पान दहावीतच वाचून घ्या.

कॉलेज निवडताना

जिल्ह्यात पालघर, बोईसर, विरार या पट्ट्यात खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. मुंबईत माटुंग्याचं 1887 सालचं व्हीजेटीआय, अंधेरीचं सरदार पटेल. पुढे लोणेऱ्याचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, पुण्याचं सीओईपी, सांगलीचं वालचंद. गुण चांगले असतील तर शासकीय आणि अनुदानित संस्था आधी भरा. तिथे फी कमी आणि वर्कशॉप जुनं, भरलेलं असतं.

खासगी कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारतीच्या आधी वर्कशॉप आणि लॅब दाखवायला सांगा. लेथ चालू आहेत की त्यांच्यावर धूळ आहे? सीएनसी मशीनवर मुलं स्वतः काम करतात की लांबून बघतात? मेकॅनिकल शाखेला, म्हणजे नुसत्या कॉलेजला नव्हे तर त्या शाखेला, एनबीएचं मानांकन आहे का? शिक्षक कायम आहेत की दर वर्षी बदलतात? तिसऱ्या वर्षाची दोन-तीन मुलं गाठून हेच प्रश्न विचारा, खरं उत्तर मिळेल.

ऑप्शन फॉर्म भरताना गेल्या वर्षीचे कट-ऑफ समोर ठेवा, पण क्रम आपल्या आवडीचा लावा. पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं की जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेरीत बदल करता येत नाही. म्हणून क्रमांक एकवर तेच लिहा जिथे जायला तुम्ही खरोखर तयार आहात.

रोज जाऊन-येऊन शिकायचा विचार असेल तर गाड्यांचं वेळापत्रक हातात घेऊन बसा. घोलवडला मोजक्याच गाड्या थांबतात, लोकल पकडायला डहाणू रोडला यावं लागतं. पालघर-बोईसरपर्यंत हे जमतं. विरारच्या पुढे गेलात तर सबमिशनच्या दिवसांत प्रवासातच जीव जातो, तिथे होस्टेल किंवा खोलीच बरी.

कागद आणि पैसा

प्रवेश हुकतात ते बहुधा गुणांवाचून नव्हे, दाखल्यांवाचून. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल त्याला नॉन-क्रीमी लेयर, हे सगळं बारावीच्या परीक्षेआधी हातात हवं. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, त्याचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करा. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, धोडी, दुबळा समाजातल्या पालकांनी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या आणि महसुली नोंदी आतापासून शोधायला घ्याव्यात. बँकेचं खातं आधारला जोडलेलं आणि विद्यार्थ्याच्याच नावावर असू द्या.

अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना महाडीबीटी पोर्टलवरून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फीची भरपाई मिळते. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत, तिथे जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. चौकशीसाठी डहाणूचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय गाठा. वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या खुल्या गटातल्या कुटुंबांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून शिक्षण शुल्कात निम्मी सवलत आहे. 2024-25 पासून त्याच उत्पन्नमर्यादेतल्या इतर मागास, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्तीही आहे, वर्षाला 50,000 रुपये. शिवाय टीएफडब्ल्यूएसच्या जागा असतात. त्यांचा कट-ऑफ जास्त लागतो, पण शिक्षण शुल्क माफ होतं. ऑप्शन फॉर्ममध्ये त्यांचे कोड वेगळे असतात, ते न विसरता भरा.

पहिलं वर्ष निभावून नेताना

मराठी माध्यमातून गेलेल्यांना पहिल्या सत्रात इंग्रजीने घाबरायला होतं. बुद्धी तीच असते, शब्द नवे असतात. एक वही करा. रोज वर्गात आलेले नवे शब्द लिहा, शेजारी त्याचा अर्थ आपल्या भाषेत आणि एक छोटी आकृती. एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर मराठी पुस्तकं आहेत, आधी त्यातून विषय समजून घ्या आणि मग इंग्रजी पुस्तक उघडा. परीक्षा आणि ओरल इंग्रजीत द्यायची असेल तर उत्तरं मोठ्याने बोलून सराव करा.

ड्रॉइंगसाठी एन. डी. भट्ट, थर्मोडायनॅमिक्ससाठी पी. के. नाग, मशीन डिझाइनसाठी व्ही. बी. भांडारी ही पुस्तकं मुलांच्या हाती वर्षानुवर्षं आहेत. ग्रंथालयातून घ्या किंवा सीनियरकडून जुनी घ्या. ड्रॉइंगला कमी लेखू नका. किर्लोस्करवाडी उभी करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी व्हीजेटीआयमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवत होते. यंत्र कागदावर नेमकं मांडता येणं, ही या शाखेची लिपी आहे.

गणित आणि मेकॅनिक्समध्ये केटी लागणारे, म्हणजे विषय राहणारे, पुष्कळ असतात. लागली तर लपवू नका, घरी सांगा आणि पुढच्याच परीक्षेत काढा. साठलेल्या केट्या तिसऱ्या वर्षी इंटर्नशिप आणि प्लेसमेंट दोन्ही अडवतात, कारण बऱ्याच कंपन्या केटी असलेल्यांना बसूच देत नाहीत.

सुट्टीत करायची कामं

पहिल्या उन्हाळ्यात गावातल्या गॅरेजमध्ये किंवा बोटीची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे महिनाभर जा. पाना धरायला शिका. एक इंजिन उघडताना आणि परत जोडताना शेवटपर्यंत थांबा. प्रत्येक भागाचं मिस्त्री वापरतात ते नाव आणि पुस्तकातलं नाव समोरासमोर लिहा.

दुसऱ्या उन्हाळ्यात आपल्या वाडीच्या पंपाची कार्यक्षमता काढा. हजार लिटरची टाकी किती सेकंदांत भरते ते घड्याळ लावून पाहा. समजा 200 सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला 5 लिटर. विहिरीतल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंतची उंची 15 मीटर असेल, तर पाणी उचलायला लागणारी शक्ती 5 गुणिले 9.81 गुणिले 15, म्हणजे सुमारे 736 वॉट, साधारण 1 अश्वशक्ती. मोटर 3 अश्वशक्तीची असून पूर्ण भाराने चालत असेल, तर तीनपैकी दोन भाग शक्ती पंपात आणि पाइपात वाया जाते आहे. का? पाइप बारीक आहे, वळणं फार आहेत, इम्पेलर झिजला आहे की पंपच चुकीचा निवडला आहे? एकेक कारण तपासा, बदल करून परत मोजा. अशी दहा पानांची वही मुलाखतीत दाखवली, तर समोरच्याला तुम्ही काम करणारे आहात हे लगेच कळतं. त्याच धर्तीवर चिकू वाळवण्याचा सौर ड्रायर घेता येईल. घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण फळ लवकर पिकतं आणि लवकर नासतं. कमी खर्चात एकसारखं वाळवणारं यंत्र हा चौथ्या वर्षाचा उत्तम प्रोजेक्ट होऊ शकतो. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन आधी शेतकऱ्यांची नेमकी गरज विचारून घ्या.

तिसऱ्या वर्षानंतर इंटर्नशिपसाठी बोईसर, उंबरगाव, वापीच्या कारखान्यांना स्वतः पत्र लिहा. उंबरगावला पेन-पेन्सिल आणि प्लास्टिक मोल्डिंगचे कारखाने आहेत, तिथे मोल्ड आणि डायची कामं जवळून बघायला मिळतात. सोबत एक ड्रॉइंगचं आणि एक विश्लेषणाचं सॉफ्टवेअर नीट शिका. फ्रीकॅड फुकट मिळतं, त्यावर सुरुवात होते. थोडं पायथॉन यायलाच हवं. स्वयम आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या शिक्षकांचे वर्ग विनामूल्य आहेत.

मुलींनी घ्यावं का?

घ्यावं. वर्गात मुली कमी असतात आणि 'हे अंगमेहनतीचं काम' असं घरात बोललं जातं. आजचं मेकॅनिकल डिझाइन, गुणवत्ता तपासणी, उत्पादन नियोजन, ऊर्जा, संशोधन असं पसरलेलं आहे आणि शॉप फ्लोअरवरही वजन क्रेन उचलते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. ज्या गावातून असं काम उभं राहिलं, तिथल्या पालकांनी मुलीला वर्कशॉपमध्ये पाठवताना बिचकू नये.

पदवीनंतर

खरं तेच सांगायला हवं. मेकॅनिकलमध्ये पहिल्या नोकरीचा पगार बऱ्याचदा कॉम्प्युटरवाल्या मित्रापेक्षा कमी असतो आणि कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्यांत आयटीच्या अधिक असतात. दोन-तीन वर्षं शॉप फ्लोअरवर काढली, एका विषयात हात बसला, की मग वाढ होते. तेवढा धीर आणि घरच्यांचा तेवढा पाठिंबा असेल, असं आधीच बोलून ठेवा.

वाटा अनेक आहेत. नॅट्स पोर्टलवरून वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळते आणि अनुभवाचा शिक्का पडतो. गेट देऊन एम.टेक. किंवा सार्वजनिक कंपन्या. बीएआरसीचं प्रशिक्षण विद्यालय, इस्रो, रेल्वे, लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा. वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. या बंदराला किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध आहे आणि त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न खरा आहे. बंदर आणि त्यासोबतचे रस्ते-रेल्वे जसजसे होतील, तसतशी क्रेन, कन्व्हेयर, शीतगृहं यांची कामं इथे येतील. ती करणारे आपले मुलगे-मुली असतील, तर समुद्र आणि वाड्या यांचं काय होतं हे विचारणारं माणूसही आत असेल.

पालकांना एक विनंती. पहिल्या सत्राचा निकाल बघून शाखा चुकली असं ठरवू नका. विषय दुसऱ्या वर्षी उलगडतो, तोवर वेळ द्या. आणि विद्यार्थ्यांना एक काम. फॉर्म भरण्याआधी या भागातल्या एका कारखान्यातल्या, वीज केंद्रातल्या किंवा वर्कशॉपमधल्या मेकॅनिकल इंजिनिअरला भेटा आणि त्यांचा दिवस कसा जातो ते सकाळपासून रात्रीपर्यंत विचारा. ऐकताना तुमचेच प्रश्न वाढत गेले, तर पहिल्या पसंतीला मेकॅनिकल लिहा आणि मागे वळून बघू नका.